गॅरेजला पत्र : इंजिन बदललं, आता क्लच बेअरिंग कुठलं?

या वेळच्या गठ्ठ्यात क्लचचीच पत्रं जास्त निघाली. पावसाळा सरला की जुन्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघतात आणि मग कोणाचा पेडल तळाला जातो, कोणाचा गिअर पडत नाही. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्यात पाचपन्नास जणांच्या कामाचं आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली. बाकीची आटोपशीर उरकतो.

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडे आजोबांच्या वेळची एमजी टीडी ही दोन सीटांची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी आहे, १९५२ ची. तिचं मूळ इंजिन माझ्या जन्माआधीच गेलं. त्या जागी अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स होता. ते इंजिनही थकलं, म्हणून भंगारात निघालेल्या एका अ‍ॅम्बेसेडरचं इसुझू १.८ इंजिन घेतलं. गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवला, कारण फ्लोअर गिअरची जोडणी छान जमलेली आहे. कुपवाड एमआयडीसीत अ‍ॅडाप्टर प्लेट करून घेतली. क्लच इसुझूचा नवा टाकला, जुन्या शाफ्टवर बसावी म्हणून प्लेटचा मधला हब तेवढा बदलून घेतला. मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर नवे. सुरुवातीला गाडी मस्त चालली. मग क्लच दाबला की खरखर यायला लागली, नंतर वास, आणि परवा भर रस्त्यात गिअरच पडेना. गिअरबॉक्स उतरवला तर रिलीज बेअरिंगचा कार्बन पार संपलेला, नुसती लोखंडी कडी उरलेली. नवा कार्बन टाकू, की दुसऱ्या कुठल्या गाडीचं बेअरिंग बसेल?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नवा कार्बन टाकू नका. तोही त्याच वाटेनं जाईल, आणि त्याची काळी पूड नव्या प्लेटवर बसेल ती वेगळीच.

बाकीच्यांसाठी दोन ओळी : फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट (तिलाच पुढं कव्हर म्हटलंय) यांच्यामध्ये क्लच प्लेट चेपलेली असते. पेडल दाबला की एक काटा रिलीज बेअरिंगला पुढं ढकलतो, ते प्रेशर प्लेटला मधोमध दाबतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. आता तुमच्या कार्बनमध्ये खोट नव्हती. तो ज्याच्यावर घासत होता ती प्रेशर प्लेट त्याच्यासाठी केलेलीच नाही. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज इंजिनाच्या जुन्या गाड्या घ्या, म्हणजे अ‍ॅम्बेसेडर, एमजीए, एमजीबी. यांच्या क्लचला बॉल बेअरिंग नसतं. लोखंडी कडीत ग्राफाइटची जाड चकती दाबून बसवलेली असते आणि ती कडी काट्याच्या दोन टोकांत क्लिपांनी अडकवलेली असते. पेडल दाबला की ही चकती पुढं जाऊन प्रेशर प्लेटच्या मधोमध असलेल्या एका गुळगुळीत गोल तबकडीवर टेकते. सपाटावर सपाट, पूर्ण वर्तुळ टेकलेलं, त्यामुळं झीज हळू. एमजीबीला पुढं डायफ्रॅम क्लच, म्हणजे पाकळ्या पाडलेल्या एकाच गोल स्प्रिंगचा, आला तरी कंपनीनं पाकळ्यांवर ती तबकडी ठेवलीच, ती या कार्बनसाठी.

इसुझूच्या कव्हरला ती तबकडी नाही. तिथं उघड्या पाकळ्या आहेत, आणि त्यांच्यावर टेकणारं बेअरिंग त्यांच्याबरोबर फिरेल असं कंपनीनं गृहीत धरलंय. ग्राफाइट फिरत नाही. पाकळ्या मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतायत आणि तुम्ही त्यांच्यावर स्थिर ग्राफाइट दाबताय. किसणीवर खोबरं धरावं तसा तो गेला. उतरवलेलं कव्हर उजेडात धरून बघा, पाकळ्यांच्या टोकांवर चकचकीत घासल्याच्या खुणा दिसतील. खुणा खोल असतील तर कव्हरही बाद समजा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दुसऱ्या कुठल्या गाडीचं बसेल का. हा प्रश्न दुकानात काउंटरवर विचारला की माणूस चार डबे पुढं ठेवतो आणि चारही आतल्या भोकानं बरोबर बसतात. तिथंच फसगत होते. रिलीज बेअरिंगचं आतलं भोक गिअरबॉक्सवर ठरतं, तोंड प्रेशर प्लेटवर ठरतं, आणि उंची त्या दोघांमधल्या अंतरावर. इंजिन बदलताना गिअरबॉक्स तोच राहिला, म्हणून बेअरिंगही तेच, असा हिशेब लोक करतात. पण इंजिनाबरोबर फ्लायव्हील बदललं, कव्हर बदललं, मध्ये अ‍ॅडाप्टर प्लेट आली, म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी बदलल्या.

तोंडाचं आधी बघा. पाकळ्यांची टोकं वर वळलेली, गोलसर असतील तर बेअरिंगचं तोंड सपाट हवं. पाकळ्या सरळ, सपाट असतील तर बेअरिंगच्या तोंडाला गोलाई हवी. दोन्ही सपाट असले की कडेवर कड घासते आणि दोन्ही गोल असले की एका रेषेवर सगळा भार येतो. शिवाय बेअरिंगचं टेकणारं वर्तुळ पाकळ्यांच्या मधल्या भोकापेक्षा मोठं पाहिजे. अगदी टोकाच्या काठावर टेकत असेल तर आज चालेल, उद्या निसटेल.

मग अंतर. यासाठी एक व्हर्नियर, एक सरळ लोखंडी पट्टी आणि अर्धा तास पुरे, पण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायच्या आधी. क्लच प्लेट आत घालून कव्हर पूर्ण आवळा. नुसतं टेकवून मोजाल तर माप खोटं येईल. अ‍ॅडाप्टर प्लेटच्या गिअरबॉक्सकडच्या तोंडापासून पाकळ्यांची टोकं किती बाहेर आलीत ते मोजा. समजा ४१ मिमी. आता गिअरबॉक्सच्या बाजूला काटा पूर्ण मागं ढकला आणि बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाच्या) तोंडावर पट्टी आडवी ठेवून बेअरिंगच्या तोंडापर्यंत खोली घ्या. समजा ५८. मधली मोकळी जागा १७ मिमी.

ही जागा शून्य असावी असं वाटतं ना? तसं करू नका. प्लेट झिजत जाते तशा पाकळ्या पुढं जात नाहीत, उलट गिअरबॉक्सकडे मागं येतात, आणि तेही झिजेच्या तिपटीनं वगैरे, कारण आतमध्ये तरफ आहे. प्लेट दोन मिमी झिजली तर टोकं सहाएक मिमी मागं सरकणार. मागं सरकायला बेअरिंगला जागा नसेल तर ते कायम पाकळ्यांवर दाबून राहील आणि नवी प्लेट वर्षाच्या आत घसरायला लागेल. मिस्त्री म्हणेल प्लेट डुप्लिकेट निघाली. प्लेट बिचारी असली असते.

म्हणून सहा-सात मिमी राखून ठेवायचे आणि उरलेले दहाएक मिमी भरून काढायचे. वॉशर रचून नाही. ईएन-८ च्या लोखंडाची एकसंध कडी टर्न करून घ्या, दोन्ही तोंडं समांतर, आणि ती बेअरिंग व त्याच्या कॉलरच्या (ज्याच्यावर बेअरिंग बसतं आणि ज्याला काटा ढकलतो त्या बाहीच्या) मध्ये बसवा. ही भर घातली नाही तर काटा एवढा वाकडा जाईल की शेवटच्या टप्प्यात तो बेअरिंगला पुढं कमी आणि बाजूला जास्त ढकलेल. काटा निम्मा सरकला असताना शाफ्टला काटकोनात दिसला की उंची बरोबर.

हायड्रॉलिकचं तुम्ही नुसतं 'नवे' लिहिलंय, बोअर (आतले व्यास) लिहिलेले नाहीत. ते फार महत्त्वाचं आहे. या आकाराच्या डायफ्रॅमला बेअरिंगची सरक साधारण आठ मिमी लागते. मास्टर पाच सूत, म्हणजे ५/८ इंच, आणि स्लेव्ह ७/८ इंच असेल तर क्षेत्रफळाच्या हिशेबानं मास्टरच्या दांडीची निम्मी सरक स्लेव्हला मिळते. दांडी २८ मिमी गेली, स्लेव्ह १४ गेला, काट्याची तरफ १.८ ला एक धरली तर बेअरिंगला जेमतेम आठ. पेडल हलका व्हावा म्हणून कोणी एक इंचाचा स्लेव्ह लावला की तीच सरक सहावर येते. पेडल लोण्यासारखा आणि पहिला गिअर किरकिर करणार. मग लोक पुन्हा पुन्हा हवा काढत बसतात, तेल वाया घालवतात. हवा नसतेच, गणित असतं.

आता तुमच्यापुढचे मार्ग. एक, कार्बनच्या कडीत बसतील अशी तयार फिरती बेअरिंगं मिळतात, एमजीवाले ती वापरतात. मला ती आवडत नाहीत. कार्बनचा काटा कमानीत फिरतो, म्हणजे बेअरिंग सरळ पुढं न जाता थोडं खाली-वर होतं. ग्राफाइटला तबकडीवर तेवढं इकडंतिकडं घसरणं चालतं. बॉल बेअरिंगला नळीवरून सरळ जाणं हवं असतं. दोन, जुन्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरला नळी करून तिच्यावर सरकणारं बेअरिंग बसवायचं. हे होतं, पण ती नळी इनपुट शाफ्टशी पूर्ण एककेंद्री पाहिजे आणि काटाही नवा लागतो. काम चांगल्या टर्नरचं. तीन, तबकडीवालं कव्हर शोधून ते इसुझूच्या फ्लायव्हीलला भोकं पाडून बसवायचं, बॅलन्सिंगसकट.

आणि चौथा, जो मी करीन. इसुझूचं इंजिन हिंदुस्तान मोटर्सनं अ‍ॅम्बेसेडरला आणि कॉन्टेसाला दिलं तेव्हा १८१७ सीसीबरोबर पाच गिअरचा त्याचा स्वतःचा बॉक्सही दिला होता. तो बॉक्स, त्याचा काटा, त्याचं कॉलर, त्याचं बेअरिंग, सगळं एकाच घरातलं आणा. अ‍ॅडाप्टर प्लेट निघून जाईल, बदललेला हब निघून जाईल, मापं कंपनीनं आधीच जुळवलेली आहेत. गिअरची दांडी चार बोटं मागं येईल, बोगद्याचा पत्रा कापावा लागेल, प्रॉपेलर शाफ्ट नव्या लांबीची करावी लागेल. करा. पत्रा कापणं ही एकदाची कटकट आहे, गिअरबॉक्स उतरवणं ही दर सहा महिन्यांची. खुद्द एमजीनं १९७३ मध्ये एमजीबी जीटीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ घातलं तेव्हा क्लच मोठा केला आणि कार्बन सोडून फिरतं बेअरिंग घेतलं. जुन्या बेअरिंगवर भागवायचा मोह त्यांनाही असणारच, पण त्यांनी तो टाळला.

तरीही जुनाच बॉक्स ठेवायचा हट्ट असेल, आणि तुमच्या पत्रावरून तो आहे असं दिसतंय, तर दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुन्हा जोडणी करू नका. अ‍ॅडाप्टर प्लेट डॉवेल पिनांवर (जागा पक्की करणाऱ्या घट्ट खुंट्यांवर) बसते की नुसत्या बोल्टांवर? बोल्ट आवळतात, मध्य साधत नाहीत. क्रँकवर डायल गेज लावून एक फेरा द्या. पाच थाऊच्या, म्हणजे ०.१३ मिमीच्या वर फरक दिसला तर प्लेट परत टर्नरकडं. आणि क्रँकच्या टोकातला पायलट बुश जुन्या शाफ्टच्या नाकाच्या मापानं केला होता का? तो सैल असेल तर क्लच दाबल्यावर शाफ्ट डुलतो, नवं बेअरिंग घाला नाहीतर सोन्याचं घाला.

एक न विचारलेलं. टीडीच्या मूळ १२५० सीसीच्या इंजिनाच्या हिशेबानं तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इसुझूच्या जोरावर खंबाटकी चढून जाल, पण उतरताना ब्रेक १९५२ चेच असतील.

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकल शिकतो. जुन्या डॅटसन २४०झेड गाड्यांत २८०झेडचं मोठं इंजिन सहज बसतं असं वाचलं, गिअरबॉक्सलाही हात लावावा लागत नाही. मग तिथं रिलीज बेअरिंगचं कॉलर बदलायला का सांगतात? इंजिनाचा आणि कॉलरचा काय संबंध?
— एक विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर : इंजिनाचा नाही, त्याच्या पाठीवर येणाऱ्या क्लचचा. २४०झेडचं एल२४ आणि २८०झेडचं एल२८ ही एकाच घराण्यातली इंजिनं, बोल्टांची भोकंही जुळतात. पण निसाननं (डॅटसन हा तिचाच ब्रँड) या गाड्यांना २२५ आणि २४० मिमी असे दोन आकारांचे क्लच दिले, आणि त्यांच्या कव्हरांची उंची सारखी नाही. कव्हर बुटकं असेल तर कॉलर लांब, कव्हर उंच असेल तर कॉलर आखूड. गिअरबॉक्स बदलला नाही म्हणून जुनं कॉलर ठेवलं की एकतर क्लच सुटतच नाही, नाहीतर कायम घसरतो.

या गाड्यांवर काम करणारे एक आकडा पाठ ठेवतात, ९२ मिमी. फ्लायव्हीलच्या ज्या तोंडावर प्लेट घासते तिथून, कव्हर आवळलेलं आणि बेअरिंग पाकळ्यांवर टेकलेलं असताना, कॉलरच्या ज्या कानांवर काटा टेकतो तिथपर्यंतचं हे अंतर. वरच्या मिरजेच्या पत्रात आपण जे उलटसुलट मोजलं तेच हे, फक्त एका आकड्यात. कॉलरची लांबी क्लचवर ठरते, गिअरबॉक्सवर नाही, एवढं वहीत लिहून ठेव. आणि हा ९२ फक्त त्या गाड्यांचा. तो घेऊन प्रीमिअर ११८ एनईच्या मागं लागू नकोस. तिच्यातही निसानचंच इंजिन आहे, तरी तिचं माप वेगळं घ्यावं लागेल.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती. इंजिनाचं काम तेव्हाच केलं, पण नंतर ती उभीच राहिली. आता चालू होते, पण क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही. बेअरिंग गेलं का?
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : आधी प्लेटवर संशय घ्या. ओल्या फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि प्लेटचं लायनिंग त्याला धरून बसतं. स्लेव्हची दांडी पेडलबरोबर नीट पुढं येतेय का ते कोणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. येत असेल तर प्लेट चिकटलीय असं धरून चाला.

सोडवायची जुनी रीत अशी. इंजिन चांगलं गरम करा आणि बंद करा. गाडी मोकळ्या मैदानात न्या, पुढं भिंत, माणूस, जनावर काही नको. दुसरा गिअर टाका, क्लच तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा. गाडी झटका देऊन चालायला लागेल. थोडा वेग आला की क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक जोरात मारा. बहुतेक वेळा 'टक्' असा आवाज होऊन प्लेट सुटते. चार-पाच वेळा करूनही सुटली नाही तर गिअरबॉक्स उतरवा, हट्टाला पेटून सेल्फ जाळू नका.

सुटली तरी बेअरिंगचा भरवसा धरू नका. बॉल बेअरिंग सीलबंद असतं, पुराच्या गाळाचं पाणी सीलमधून आत जातं आणि ग्रीस खराब होतं. ते बाहेरून भरता येत नाही. गिअरबॉक्स कधीही उतरला की ते बदलून टाका. जुन्या कार्बनला मात्र पाण्याचं सोयरसुतक नसतं, तो धुऊन पुसला की झालं.

प्रश्न : यवतेश्वरचा घाट चढताना क्लचमधून कुईं असा आवाज येतो. एक मिस्त्री रिलीज बेअरिंग म्हणतो, दुसरा गिअरबॉक्स उघडायला सांगतो. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोघांचंही आत्ता नको. गाडी सपाटीवर उभी करा, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा. पेडलवर पाय नुसता टेकवा. टेकवताच आवाज सुरू झाला आणि दाबत जाल तसा वाढला तर रिलीज बेअरिंग. पाय काढलेला असताना आवाज येतो आणि पेडल पूर्ण दाबताच बंद होतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, दुसरा मिस्त्री बरोबर. पूर्ण दाबून पहिला गिअर टाकून उभे आहात आणि तेव्हाच खरखर येते, तर पायलट बुश, आणि दोघंही चुकले.

घाटात पुढची एसटी थांबली की तुम्ही हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवत असाल, तर यातलं पहिलंच निघेल. तसं निघालं तर प्लेटची जाडीही त्याच वेळी मोजून घ्या, मजुरी दोनदा द्यायला नको.